गिरमिटाची जहाजे : कायदा, कल्याण आणि माणसाचे मोल

रेल्वेच्या डब्यावर आसनसंख्या लिहिलेली असते, बोटीवर जीवरक्षक साधने टांगलेली असतात. हे सर्व आज आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागे काही इतिहास असेल, असे सहसा मनात येत नाही. परंतु प्रवाशाला किती जागा, किती अन्न, किती पाणी द्यावे हे ठरविणारे बरेचसे नियम प्रथम समुद्रावर जन्मले आणि प्रत्येक नियमामागे कोणाचा तरी मृत्यू उभा होता. विशेषतः आपल्या देशातून सातासमुद्रापार गेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या जहाजांचा इतिहास ह्या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

स्थलांतरितांच्या जहाजांसाठी ब्रिटिश पार्लमेंटने पहिला कायदा केला तो १८०३ साली. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील गरीब कुटुंबे त्या वेळी मोठ्या संख्येने अमेरिका खंडाकडे निघाली होती. जहाजाच्या दर दोन टनांमागे एकच प्रवासी आणि ५० प्रवासी असल्यास एक डॉक्टर, अशी बंधने त्यात होती. हेतू दयेचा सांगितला गेला. तथापि आपली कुळे आणि मजूर निघून जाऊ नयेत म्हणून जमीनदारांनीही ह्या कायद्यासाठी जोर लावला होता. नियम कडक झाले की भाडे वाढते आणि भाडे वाढले की गरीब घरीच राहतो, हे गणित त्यांना ठाऊक होते. पुढे १८२७ साली हे सर्व निर्बंध रद्द झाले. त्यानंतर जहाजांवरील हाल आणि मृत्यू इतके वाढले की दुसऱ्याच वर्षी, १८२८ मध्ये, नवा कायदा आणावा लागला.

हिंदुस्थानचा संबंध येतो तो १८३४ पासून. ब्रिटिश वसाहतींमध्ये गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे झाले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ नावाचे जहाज ३६ मजुरांना घेऊन मॉरिशसला पोहोचले. पाच वर्षांचा करार म्हणजे ‘अ‍ॅग्रीमेंट’. आपल्या लोकांच्या तोंडी त्याचे ‘गिरमिट’ झाले. १८३७ च्या कायद्याने मजुराने अधिकाऱ्यासमोर हजर व्हावे, कराराच्या अटी लेखी असाव्यात, जहाजावर पुरेशी जागा, अन्न आणि वैद्य असावा, असे ठरले. पण अंगठा उठविणाऱ्याला मॉरिशस कोठे आहे हेच ठाऊक नसेल, तर त्या लेखी अटींना काय अर्थ राहतो? १८३८ साली ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ ही जहाजे सुमारे ४०० मजुरांना घेऊन दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गियानात गेली. फसवणुकीच्या तक्रारींवरून कलकत्त्यात चौकशी समिती नेमली गेली, आणि १८३९ मध्ये ही मजूर-निर्यात बंद करण्यात आली.

ही बंदी फार काळ टिकली नाही. मळेवाल्यांच्या दबावामुळे १८४२ मध्ये मॉरिशसचा आणि १८४४ मध्ये वेस्ट इंडीजचा मार्ग पुन्हा खुला झाला. मुंबई बंदरातूनही मजूर मॉरिशसला गेले. त्यांत कोकणातील मराठी माणसे होती आणि त्यांचे वंशज आजही तेथे आपली भाषा व सण सांभाळून आहेत.

कायदे होते तरी माणसे मरतच होती. १८५६-५७ च्या हंगामात कलकत्त्याहून कॅरिबियन बेटांकडे गेलेल्या जहाजांवर दर शंभर मजुरांमागे सुमारे १७ जण वाटेतच दगावले. पुढच्याच वर्षी ‘साल्सेट’ जहाजावर ३०० हून अधिक मजुरांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू पावले. त्या जहाजाच्या कप्तानाने लिहिलेली रोजनिशी त्याच्या पत्नीने पुढे प्रसिद्ध केली, म्हणून ती हकीकत जगाला कळली. पटकी, हगवण, गोवर आणि दूषित पाणी ही मृत्यूची नित्याची कारणे होती.

ह्या अनुभवानंतर नियम अधिक काटेकोर झाले. १८६४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रौढ प्रवाशाला डेकखाली १२ चौरस फूट जागा आणि ७२ घनफूट अवकाश देणे आवश्यक ठरले. दहा वर्षांखालील दोन मुले मिळून एक प्रौढ धरला जाई. आम्हां कापड व्यापाऱ्यांच्या मापात सांगायचे तर सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद, म्हणजे एक सतरंजी अंथरावी एवढीच जागा. आणि शिडाच्या जहाजाने कॅरिबियनला जाण्यास तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ लागत असे. तांदूळ, डाळ, तूप, मोहरीचे तेल, मीठ, हळद ह्यांची मापे ठरली. आफ्रिकेच्या टोकाला थंडी असते म्हणून घोंगड्या देण्यात येऊ लागल्या. एकटे पुरुष, कुटुंबे आणि एकट्या स्त्रिया ह्यांच्या जागा वेगळ्या ठेवल्या. बंदरावर मजुरांचा संरक्षक अधिकारी आणि जहाजावर जबाबदार डॉक्टर नेमला गेला.

ह्या डॉक्टरांच्या मेहनतान्याची पद्धत कोणाही व्यापाऱ्याचे लक्ष वेधून घेईल. जितके मजूर जिवंत उतरतील, तितक्या माथ्यांमागे त्यांना ठरावीक रक्कम मिळे. उपाय परिणामकारक ठरला हे मान्य केलेच पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जहाजावरील मृत्यूचे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास आले. संकटे मात्र पूर्णपणे टळली नाहीत. १८७९ मध्ये फिजीला गेलेल्या पहिल्या ‘लिओनिदास’ जहाजावर पटकी व देवीची साथ उद्भवली. ११ मे १८८४ रोजी ‘सिरिया’ जहाज फिजीजवळच्या नसिलाई खडकावर आदळून ५९ जणांना जलसमाधी मिळाली.

तरीही हा ताळेबंद नीट तपासला पाहिजे. माणूस जिवंत पोहोचला म्हणजे जमेची बाजू पूर्ण झाली, असे वसाहत सरकारने मानले. तो स्वखुशीने आला होता काय, मळ्यावर त्याचे काय होते, ह्यासाठी त्या वहीत खरा रकाना नव्हता. कामावर गैरहजर राहणे हा तेथे फौजदारी गुन्हा होता आणि त्यासाठी तुरुंग होता. दर शंभर पुरुषांमागे ४० स्त्रिया असाव्यात हा नियम वरवर हितकारक दिसतो. पण संख्या भरण्यासाठी भरती करणारे दलाल गरजू व निराधार स्त्रियांना भूलथापा देऊ लागले.

कल्याणाचा नियम उलटाही कसा फिरविता येतो, ह्याचे उदाहरण १८९६ मध्ये दिसले. नाताळमध्ये गिरमिटियांच्या मागोमाग स्वतःच्या खर्चाने गेलेले आपले व्यापारीही स्थिरावले होते आणि गोऱ्यांच्या डोळ्यांत ते खुपत होते. डिसेंबर महिन्यात मुंबईहून ‘कुरलँड’ आणि ‘नादेरी’ ही जहाजे डर्बनला पोहोचली. ‘कुरलँड’वर मोहनदास गांधी सहकुटुंब होते. मुंबईत प्लेगची साथ असल्याचे कारण देऊन दोन्ही जहाजे तीन आठवड्यांहून अधिक काळ बंदराबाहेर रोखून धरली गेली. ह्या लोकांना उतरूच देऊ नये म्हणून गावात सभा चालल्या होत्या. १३ जानेवारी १८९७ रोजी उतरल्यावर गांधीजींवर जमावाने हल्ला केला. रोगप्रतिबंधाचा नियम आवश्यकच असतो, पण येथे तो नको असलेल्या माणसांना परत धाडण्यासाठी वापरण्यात आला.

ह्या पद्धतीचे मूळ दुखणे नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी अचूक ओळखले. नियम सुधारा, एवढेच मागून ते थांबले नाहीत. १९१० मध्ये त्यांच्या ठरावावरून नाताळसाठीची भरती बंद करण्याचे सरकारने मान्य केले आणि १ जुलै १९११ पासून ती थांबली. मार्च १९१२ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदे मंडळात ही पद्धतच नष्ट करण्याचा ठराव मांडला. हिंदी सदस्यांचा पाठिंबा असूनही सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला. १९१५ मध्ये गोखले निवर्तले. १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय ह्यांनी तोच प्रश्न पुन्हा उपस्थित केला आणि १९१७ मध्ये गिरमिटाची भरती थांबली. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले.

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई येथील ‘आप्रवासी घाट’ २००६ साली जागतिक वारसास्थळ म्हणून घोषित झाला. लाखो मजुरांची पहिली पावले ह्याच घाटाच्या दगडी पायऱ्यांवर पडली. २ नोव्हेंबर हा दिवस तेथे दरवर्षी पूर्वजांच्या स्मरणार्थ पाळला जातो.

ह्या सर्व इतिहासातून घेण्यासारखे बरेच आहे. नियमांनी जीव वाचले, ही गोष्ट नाकारता येणार नाही. बारा चौरस फुटांसाठी भांडणाऱ्यांचे ते श्रेय आहे. परंतु ज्याच्यासाठी नियम केला त्याची संमती आणि त्याचा सन्मान हिशेबात धरला नाही, तर उत्तम नियमही मालाच्या सुरक्षित वाहतुकीची व्यवस्था ठरतो. आजही रोजगारासाठी आपले कितीतरी बांधव परदेशी जातात आणि दलालाने पुढे केलेल्या कागदावर सही करतात. त्यांच्यापैकी कोणी सल्ला विचारण्यास आला, तर पगाराच्या आकड्याबरोबरच कराराच्या अटी आणि परत येण्याची सोय ह्यांचीही चौकशी करण्यास त्याला अवश्य सांगावे.