होस्टनेम-शोध (युनिक्ससदृश प्रणाली)

नेटवर्कवरील संगणकाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता, किंवा पत्त्यावरून नाव काढण्याची क्रिया. लिनक्स, बीएसडी, सोलॅरिस या प्रणालींत हे काम सामान्यतः सी लायब्ररीतला ‘रिझॉल्व्हर’ करतो. उत्तर कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचे, हे त्याला ‘इटीसी’ डिरेक्टरीतील साध्या मजकूर-फाइलींतून कळते.

इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या काळात सर्व नावांची एकच यादी असे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळी आणि बाकीची केंद्रे तिची प्रत उतरवून घेत. नेटवर्क वाढले तशी ती कायम शिळी राहू लागली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही विभागलेली नामव्यवस्था मांडली. १९८७ची तिची मानके आजही पायाभूत आहेत. जुनी यादी मात्र निवृत्त झाली नाही. ‘होस्ट्स’ फाइलच्या रूपाने ती प्रत्येक यंत्रावर उरली आहे आणि बहुतेक ठिकाणी पहिला मान तिचाच असतो.

हा मान कसा लपून राहतो, ते एका प्रयोगात दिसते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या नेटवर्क प्रयोगशाळेत डीएनएस शोधाचा प्रोग्राम लिहिण्याचा प्रयोग आहे : आयपी पत्ता दिल्यावर यूआरएल मिळावा आणि उलटही. (काटेकोर बोलायचे तर मिळते ते होस्टनेम; यूआरएल ही त्याहून मोठी गोष्ट.) विद्यार्थी पायथनमध्ये दोन-चार ओळींत प्रोग्राम लिहितो, पत्ता छापला जातो, वहीवर सही होते. पण प्रयोगाच्या नावात डीएनएस असले तरी प्रोग्रामने डीएनएसला विचारले असेलच असे नाही. प्रश्न रिझॉल्व्हरकडे गेला आणि त्याने ‘एनएसस्विच.कॉन्फ’ उघडली.

या फाइलीतील ‘होस्ट्स’ शब्दाने सुरू होणारी ओळ शोधाचा क्रम ठरवते. तिथे ‘फाइल्स डीएनएस’ असे असेल, तर आधी होस्ट्स फाइल आणि तिथे नाव नसेल तरच डीएनएसचा नेमसर्व्हर. समजा, प्रयोगशाळेतील एका सर्व्हरला ‘उजनी’ नाव दिले आणि होस्ट्स फाइलीत त्यापुढे १९२.१६८.१०.५ हा पत्ता नोंदवला. विद्यार्थ्याच्या प्रोग्रामला तो दोन्ही दिशांनी सापडेल. ‘डिग’ किंवा ‘एनएसलुकअप’ला सहसा सापडणार नाही, कारण ही साधने एनएसस्विच वगळून थेट नेमसर्व्हरला विचारतात. ‘डिगला दिसते, प्रोग्रामला दिसत नाही’ किंवा त्याच्या उलट तक्रार आली की पहिला संशय या क्रमावर घ्यावा. लिनक्सवर प्रोग्रामला मिळणारे उत्तर तपासायचे, तर ‘गेटएंट होस्ट्स’ ही आज्ञा योग्य. डिगवर विसंबून निदान करण्याची सवय नवख्यांत फार आहे.

उबुंटू डेस्कटॉपवर त्याच ओळीत सहसा ‘एमडीएनएस४_मिनिमल’ आणि पुढे चौकटी कंसात ‘नॉटफाउंड=रिटर्न’ असते. ‘.लोकल’ने संपणारे नाव स्थानिक जाळ्यातच विचारावे आणि तिथे नाही म्हटले तर पुढे जाऊ नये, असा त्याचा अर्थ. अंतर्गत डोमेनला ‘.लोकल’ नाव दिलेल्या जुन्या कार्यालयांत म्हणूनच नेमसर्व्हर ठणठणीत असूनही कधीकधी नावे सापडत नाहीत. अशा खासगी वापरासाठी डोमेन-नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन संस्थेने २०२४ मध्ये ‘.इंटर्नल’ राखून ठेवले.

नेमसर्व्हरांचे पत्ते ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये असतात. ग्नू सी लायब्ररी त्यांतील पहिले तीनच वाचते आणि क्रमाने विचारते. एकेकाची वाट पाहण्याची मूळ मुदत पाच सेकंद. पहिला बंद पडला तर इंटरनेट तुटत नाही, नुसते रेंगाळते, आणि दोष बिचाऱ्या ब्रॉडबँडच्या माथी जातो. ‘सर्च’ ओळ बिंदू नसलेल्या आखूड नावापुढे डोमेन जोडून पाहते. नव्या उबुंटूत या फाइलीत १२७.०.०.५३ एवढाच पत्ता दिसतो. तो त्याच यंत्रावरील ‘सिस्टमडी-रिझॉल्व्हड’ या सेवेचा असून खरे नेमसर्व्हर ‘रिझॉल्व्हसीटीएल’ या आज्ञेने पाहावे लागतात. फाइल हाताने बदलली तरी बदल पुसला जाण्याचा संभव असतो, म्हणून बदल नेटवर्क मॅनेजरमार्फत किंवा नेटप्लॅनमध्ये करावा.

प्रयोगशाळांत एकाच डिस्कची प्रत अनेक यंत्रांवर चढवतात. मग प्रत्येकाचे होस्टनेम बदलले जाते, पण होस्ट्स फाइलीतील १२७.०.१.१ समोरचे जुने नाव तसेच राहते. त्यानंतर ‘सुडो’ आज्ञा दिली की यंत्राचे नाव सापडत नसल्याची कुरकुर सुरू. उपाय एका ओळीचा : तिथे नवे नाव लिहिणे.

सर्व प्रणाली एकसारख्या नाहीत. ओपनबीएसडीत एनएसस्विच नाही. तिथे क्रम रिझॉल्व्ह.कॉन्फमधील ‘लुकअप’ ओळच सांगते. अल्पाइन लिनक्समधील मसल लायब्ररी एनएसस्विच वाचत नाही आणि सगळ्या नेमसर्व्हरांना एकदमच विचारते. उबुंटूवर चालणारा प्रोग्राम अल्पाइनच्या कंटेनरमध्ये अडतो, तेव्हा हा फरक आठवावा.

देवनागरी नावांसाठी ‘.भारत’ हे डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये खुले झाले. त्यात मराठीही येते. डीएनएसमधून मात्र ते रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघांच्या प्युनीकोड रूपातच जाते. हे रूपांतर बहुधा ब्राउझर करून घेतो. ग्नू सी लायब्ररीत प्रोग्रामने खास मागणी केल्याशिवाय ते होत नाही. ब्राउझर प्युनीकोड रूपच विचारतो, त्यामुळे होस्ट्स फाइलीत देवनागरी अक्षरांत नाव लिहून भागत नाही. ते प्युनीकोडमध्येच नोंदवावे लागते.