सिद्दी माउली आणि आरोग्याची नवी यंत्रे

हबशी म्हटले की मराठी माणसास मलिक अंबर आठवतो, नाही तर जंजिऱ्याचा सिद्दी. एक मुत्सद्दी, दुसरा दर्यावर्दी. परंतु हुबळीहून कलघटगीवरून यल्लापूरकडे जाऊ लागले, म्हणजे रानाच्या कडेला जी सिद्दी वस्ती लागते, तिच्या वाट्याला ना किल्ला आला, ना दौलत. या लोकांच्या पूर्वजांपैकी पुष्कळांना पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणले. त्यांतील कित्येक धन्याच्या जाचातून निसटून घाटावरच्या अरण्यात शिरले. पोर्तुगालने १८६९ साली आपल्या मुलखातील गुलामगिरी कायद्याने संपविली. पण तोवर या रानात त्यांच्या अनेक पिढ्या नांदून गेल्या होत्या. कोकणी आणि मराठी यांच्या मिसळीतून झालेली त्यांची घरातली बोली आपल्या कानाला परकी वाटत नाही. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची ‘कवंद’ नावाची गोधडी शिवतात.

या बायकांच्या आरोग्याची कथा मोजणीपासून सुरू होते. सरकारच्या यादीत ज्याचे नाव नाही, त्याच्या दारी सवलत पोचत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातींच्या यादीत २००३ साली स्थान मिळाले. धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतील त्यांच्याच भाऊबंदांना मात्र त्यासाठी २०२० सालच्या कायद्याची वाट पाहावी लागली. जिल्ह्याची सीमा ओलांडली, एवढ्यानेच एक बहीण यादीत आणि दुसरी यादीबाहेर, असे सतरा वर्षे चालले.

याच सुमारास आमच्या शेजारी आरोग्याचा एक नवा प्रयोग झाला. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत २०१४ ते २०१६ या काळात आशा कार्यकर्ती रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि हाती धरावयाची संगणकीय पाटी घेऊन गरोदर स्त्रियांच्या घरी जात. लक्षणे विचारून पाटीत भरली, की धोका किती आणि रुग्णालयात केव्हा न्यावे, हे पाटीच सांगे. पाकिस्तान आणि मोझांबिक या देशांतही हाच प्रयोग झाला. तिन्ही ठिकाणचे एकत्रित निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा एकंदर मृत्यू व आजार घटल्याचे दिसले नाही. परंतु जिच्या घरी कार्यकर्ती आठ किंवा अधिक वेळा गेली, तिच्या बाबतीत मृतजन्म कमी आढळले. केवळ पाटी हाती असून भागत नाही, पायपीट करणारी बाईही हवी, असाच याचा अर्थ मी घेतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. महामारीच्या दिवसांत माझ्या वर्गातील एका सिद्दी मुलीच्या आजीला धाप लागली. तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावले. आकडा बरा आला, म्हणून तिला घरी पाठविले. दुसऱ्या दिवशी तिला उचलून न्यावे लागले. म्हातारी वाचली. त्या दिवशी यंत्र चुकले की रात्रीत आजार वाढला, हे मी सांगू शकत नाही. पण प्रश्न मनात राहिला.

हे यंत्र बोटातून तांबडा आणि अवरक्त प्रकाश पाठवून रक्तातील प्राणवायू अजमावते. त्वचेतील काळे रंगद्रव्य त्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेते आणि आकडा खऱ्याहून अधिक दिसू शकतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या वैद्यांनी डिसेंबर २०२० मध्ये दाखवून दिले, की यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवीत असता प्राणवायू प्रत्यक्षात ८८ टक्क्यांखाली असल्याचे कृष्णवर्णीयांच्या मोजणीत ११.७ टक्के वेळा आढळले. गोऱ्यांच्या मोजणीत अवघे ३.६ टक्के वेळा. अशी यंत्रे अधिक वर्णांच्या माणसांवर पारखावीत, असा मसुदा तेथील सरकारी खात्याने जानेवारी २०२५ मध्ये काढला. त्याच देशात २०२१ साली दर लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय माता दगावल्या, तर गोऱ्या माता २६.६. एवढी तफावत एका यंत्रामुळे पडत नाही. दारिद्र्य, अंतर आणि उपेक्षा यांचा हात तीत मोठा आहे. मात्र ज्यांची अगोदरच हेळसांड होते, त्यांच्याच बाबतीत यंत्रही चुकावे, हे दुहेरी दुर्दैव होय.

आपल्याकडेही वर्ण नाना प्रकारचे आहेत. म्हणून यंत्र विकत घेताना ते कोणाकोणाच्या बोटावर पारखले आहे, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. आणि आकडा बरा असला तरी समोरची बाई ‘जीव घाबरतो’ म्हणत असेल, तर आधी तिचे ऐकावे, मग आकडा वाचावा. तिची बोली समजणारी, तिच्याच वस्तीतील एखादी शिकलेली मुलगी त्या पाटीपाशी बसली, तर ऐकणे आणि मोजणे ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी होतील. ती मुलगी आज आमच्याच एखाद्या शाळेत शिकत असेल. तिची शाळा मध्येच सुटू न देणे, हे शिक्षक म्हणून माझे काम आहे.