झिजणारे टाक, टिकणारे ठसे

सोलापूरच्या सराफ बाजारात आमचं दुकान होतं. लग्नसराई तोंडावर आली की तिथं दागिन्यांइतकीच देवांचीही गर्दी व्हायची. घरोघरचे टाक उजळायला यायचे ते याच दिवसांत. पाटल्या मोडायला आलेलं गिऱ्हाईक चपलांसकट आत यायचं. देवांची पुरचुंडी आणली असेल तर तेच गिऱ्हाईक चपला बाहेर काढायचं.

टाक म्हणजे दोन-तीन इंचांचा चांदीचा पत्रा, त्यावर उठावात घडवलेला कुलदेव. घोड्यावर खंडोबा, सोबत म्हाळसा, खाली कुत्रा. अष्टभुजा भवानी, पायाशी महिषासुर. ढाल-तलवारीचा वीर म्हणजे घराण्यात लढाईत पडलेला कुणी पूर्वज. घोड्यावर जोतिबाही असतो. म्हणून कुत्रा दिसला नाही तर देव कोणता ते आधी विचारून घ्यायचं, ही वडिलांची शिकवण.

घडवायची रीत सोपी, हात मात्र बसलेला लागतो. पत्रा तापवून मऊ करायचा, ओतीव ठशावर ठेवायचा, वर शिसं धरून ठोकायचं. आकृती उठली की डोळे, मिशा, लगाम खिळ्यांनी कोरायचे. मागची पोकळी लाखेनं भरून तांब्याचा पत्रा बसवायचा.

सोलापुरात हा धंदा चालला त्याला गावाची ठेवणही कारण होती. तुळजापूर अवघ्या ४५ किलोमीटरवर. चंपाषष्ठीला जवळच्या बाळे गावात खंडोबाची यात्रा. हाच देव कर्नाटकात मैलार म्हणून पुजला जातो आणि तेलंगणात मल्लन्ना म्हणून. त्यामुळे मराठी धनगर असो की कानडी गवंडी, एकच ठसा दोघांना पुरायचा. लिंगायत घरांसाठी वीरभद्र मात्र वेगळा. त्याच्या शेजारी बोकडाच्या तोंडाचा दक्ष हवाच. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर या अभ्यासकांनी या देवांचा माग महाराष्ट्र ओलांडून दक्षिणेत नेला. आमच्या गल्ल्यावर तो प्रांतभेद कधी उरलाच नव्हता.

आता जुन्या टाकांना संग्राहक आले आहेत. नाक-डोळे पुसट झालेला टाक त्यांना सर्वांत मोलाचा वाटतो. घरातल्या बाईला तसा टाक दिसला की ती सोनार गाठते. पिढ्यान्‌पिढ्या पाणी, हळद, भंडारा आणि अंगठ्याचं घासणं सोसून देव गुळगुळीत होतो. मग नवा घडवायचा आणि जुना त्यातच आटवायचा किंवा नदीत सोडायचा. भाऊ वेगळे झाले की बहुधा जुने देव थोरल्याकडे राहतात, धाकटा नवे करून घेतो. नवे टाक जेजुरीला किंवा तुळजापूरला नेऊन मूळ देवाला भेटवले की त्यांचा मान जुन्याइतकाच. म्हणून टाकाचं वय घराला सांगता येत नाही, आणि घराला त्याची गरजही पडत नाही.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू जमवल्या आणि १९७५ साली तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. ते झालं नसतं तर पुष्कळसं मोडीत गेलं असतं, हे मी सोनाराचा मुलगा असल्यामुळं खात्रीनं सांगतो. मोड आमच्याच तराजूत पडायची. अडकित्ता वापरातून गेला की संग्रहालयात त्याचं भलंच होतं. टाकाचं तसं नाही. तो अजून वापरात आहे.

मी स्वतः टाक जमवत नाही, ठसे जमवतो. टाक एका घराचा. एका ठशावरून शेकडो घरांचे देव उठलेले असतात. शिवाय ठशाला अंघोळ नसते, त्यामुळं जुन्या कारागिरानं घोड्याच्या आयाळीला दिलेला पीळ अजून जसाच्या तसा आहे. लोककला घरात हवी असं म्हणत कुणी दिवाणखान्याच्या भिंतीसाठी जुना टाक मागायला आलं, तर मी सांगतो, नवा ठोकून घ्या आणि रोज घासा. सोनारालाही काम मिळेल.