डफ
शाहिरी गायनाच्या साथीचे, कड्यावर एका बाजूने चामडे ताणलेले एकमुखी चर्मवाद्य. नाव अरबी-फारसी ‘दफ’वरून आले. इराणी दफाच्या लाकडी चौकटीला आतून धातूच्या बारीक कड्या अडकवतात. मराठी डफाला त्या नसतात. कडे लाकडी वा लोखंडी असून त्यावर बहुधा बकरीचे कातडे वादीने ताणतात. सैल पडल्यास ते विस्तवावर शेकतात. डाव्या हातातील बारीक काडी व उजव्या हाताची थाप यांनी वादन होते. हलगी आकाराने लहान असते (पहा : हलगी, दिमडी).

पेशवाईत पोवाडा व लावणी यांना डफ-तुणतुण्याची साथ रूढ होती (पहा : राम जोशी). बेळगाव–निपाणी सीमाभागात ही जोडी मराठी व कन्नड या दोन्ही भाषांची आहे. कन्नड गीगी पदे याच वाद्यांवर गातात, आणि मराठी कलगी-तुऱ्याला समांतर हरदेशी-नागेशी परंपरा कन्नडमध्ये आहे (पहा : कलगी-तुरा). त्यामुळे येथील डफाचा विचार एकाच भाषेपुरता केल्यास तो अपुरा राहतो. संयुक्त महाराष्ट्र चळवळीत अमर शेख, अण्णा भाऊ साठे व द. ना. गव्हाणकर या शाहिरांनी डफाच्या साथीने सीमाप्रश्न लोकांपर्यंत नेला. पारंपरिक वाद्यांचे दालन पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे.