गोळी, दैव आणि हात

खेळात दैवाचा वाटा किती आणि हाताचा किती, हा प्रश्न पोरकट वाटेल; परंतु त्यापायी कायदे झाले आहेत आणि यंत्रे फुटली आहेत. ‘पिनबॉल’ या यंत्राचा इतिहास हा या प्रश्नाचाच इतिहास होय.

उतरत्या फळीवर खिळे ठोकून त्यांतून गोळी सोडावयाची, हा फ्रान्समधील ‘बागातेल’चा खेळ अठराव्या शतकातला. १८७१ साली अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी त्याला स्प्रिंगचा दांडा बसविला. १९३१ मध्ये शिकागोच्या गॉटलीब कंपनीचे ‘बॅफल बॉल’ फार लोकप्रिय झाले. तथापि गोळी सुटली की पुढचे बहुतेक दैवाच्या स्वाधीन. हा जुगारच होय, असे म्हणून १९४२ साली न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी ही यंत्रे जप्त करून घणाखाली फोडविली.

१९४७ साली गॉटलीबच्याच ‘हम्प्टी डम्प्टी’ यंत्रात नवी युक्ती आली. बटण दाबताच वीजचुंबकाच्या ओढीने एक छोटे पाते उसळे आणि घरंगळत येणारी गोळी पुन्हा वर फेकी. दैवाच्या खेळात हात शिरला तो येथे. युरोपात तर त्या पात्यावरून खेळालाच ‘फ्लिपर’ हे नाव पडले.

तरीही शंका उरलीच. १९६५ च्या ‘बकारू’ यंत्रात मागील काचेआड घोडा लाथ झाडी आणि काउबॉय कोलांटी खाई; जिंकणारास फुकट डाव मिळे. फुकट डाव हेही बक्षीसच, असे मानणाऱ्या इटलीसारख्या ठिकाणांसाठी डावाऐवजी जादा गोळी देणारी यंत्रे निघाली. ‘काउ पोक’ हे ‘बकारू’चे असेच भावंड. अखेर १९७६ साली रॉजर शार्प यांनी न्यूयॉर्कच्या नगरसेवकांसमोर गोळी कोठून जाईल ते आधी सांगितले आणि तेथूनच ती घातली. बंदी उठली.

न्यूयॉर्कला इतक्या उशिरा पटलेली ही कसोटी बेळगाव-निपाणीच्या मुलखाला जुनीच होती. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. १९५६ साली हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. १९६३ च्या म्हैसूर पोलीस कायद्यातही कौशल्याच्या खेळांना सूट राहिली. सरहद्द हलली, कसोटी हलली नाही.

तिची दुसरी बाजूही याच दोन राज्यांशी संबंधित एका वादात दिसली. बंगळूरचे एक वृत्तपत्र मुंबई राज्यात खपे आणि त्यातून बक्षिसांची शब्दकोडी चालत. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती जुगाराच्या स्वरूपाची ठरविली आणि जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाकारले. उलट १९६७ साली त्याच न्यायालयाने रमीस मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले. शब्दकोडे विद्वत्तेचे दिसते, पत्ते बदनाम असतात. परंतु न्यायालयाने रूप पाहिले नाही. खेळणाराच्या बुद्धीला आणि हाताला वाव किती, एवढेच पाहिले.