पाळी जाते तेव्हा : घरगुती उपायांची जुनी-नवी हकीकत

मुलगी न्हाती झाली म्हणजे घरात चार बायकांना कळते. गर्भारपणाचे डोहाळे तर थाटाने पुरवले जातात. पण पाळी जाण्याचा काळ मात्र प्रत्येक बाई एकटीच निभावून नेते. अंगातून एकाएकी वाफा निघतात, रात्री घामाने कपडे भिजतात, झोप उडते, क्षुल्लक कारणाने डोळे भरून येतात, आणि घरची माणसे म्हणतात, "हल्ली हिचा स्वभाव फार चिडका झाला आहे!" आपल्या देशात हा काळ साधारणपणे ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास येतो. त्याकडे पूर्वी कसे पाहत आणि त्यावर काय उपाय होत आले, हे मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त थोडक्यात सांगावे, असा विचार आहे.

सुश्रुतसंहितेत पाळी १२ व्या वर्षी सुरू होते व ५० व्या वर्षी थांबते असे म्हटले आहे. शरीर पिकू लागल्यावर घडणारी स्वाभाविक गोष्ट म्हणूनच तिचा तेथे उल्लेख आहे, रोग म्हणून नव्हे. सोवळ्या-ओवळ्याच्या घरांत तर या बदलाला एक मानही होता. बाहेर बसण्याचे दिवस संपले, की नैवेद्याला, लोणच्याच्या बरणीला आणि पापडाच्या पिठाला त्या बाईचा हात बारा महिने चाले. हा मान विटाळाच्या कल्पनेतून आलेला, तेव्हा त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. शिवाय मान मिळाला तरी तिच्या अंगाच्या त्रासाची चौकशी कोणी करीत नसे, हेही खरे.

युरोपात गार्दान या फ्रेंच डॉक्टरने १८२१ मध्ये या अवस्थेला 'मेनोपॉज' हे नाव दिले. आपल्याकडे मुख्य अडचण नावाची नव्हती, सांगायचे कोणाला ही होती. स्त्रीला आपले दुखणे स्त्रीजवळ बोलता यावे, या तळमळीने आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. त्यांनी आपला प्रबंध जुन्या हिंदू प्रसूतिशास्त्रावरच लिहिला. पुढल्याच वर्षी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्या निवर्तल्या. त्यानंतर आपल्याच जिल्ह्यातील मुरुडचे र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. शरीराविषयीच्या प्रश्नांना ते त्यात उघड उत्तरे देत, म्हणून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली, तरी शिक्षा टळली नाही. आज आपण या पानावर मोकळेपणाने बोलतो आहोत, त्यासाठी कोणी किती सोसले आहे, हे विसरून चालणार नाही.

आता औषधांची कथा. पाळी थांबताना शरीरातील इस्ट्रोजेन नावाचा स्राव कमी होतो; त्यामुळे मेंदूतील तापमान सांभाळणारी यंत्रणा नाजूक होते आणि उष्णतेचे झटके येतात. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतील रानटी कंदापासून प्रोजेस्टेरॉन हा दुसरा स्त्रीस्राव तयार केला. तो कंद आपल्या करांद्याच्या आणि कोनफळाच्याच जातकुळीचा! हे ऐकून कोणी कंद खाऊन स्राव वाढवू पाहील, तर तसे होत नाही. ते रूपांतर प्रयोगशाळेत घडते, आपल्या पोटात नाही. करांदे चवीसाठी खावेत, औषध म्हणून नव्हेत.

पुढे परदेशात स्रावांच्या गोळ्यांचा फार बोलबाला झाला. २००२ मध्ये अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवरील एक मोठा प्रयोग मध्येच थांबवावा लागला, कारण त्या एकत्रित गोळ्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा व पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला. त्या भीतीने पुष्कळजणी 'नैसर्गिक' उपायांकडे वळल्या. नंतरच्या अभ्यासात असे आढळले, की साठीच्या आतील आणि फार त्रास होणाऱ्या बहुतेक निरोगी स्त्रियांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली या गोळ्यांचा लाभच अधिक होतो. तेव्हा गोळी म्हटली की विष आणि मुळी म्हटली की अमृत, असा सरसकट हिशेब बरोबर नाही. शतावरीचे नाव सर्वतोमुखी आहे, पण झटक्यांवर ती लागू पडतेच असा भक्कम पुरावा अद्याप नाही. सोयाबीनचा गुणही काहींना येतो, काहींना येत नाही. जाहिरातीतील काही परदेशी मुळ्यांनी यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणे आहेत.

मग घरात करण्यासारखे काय? पुष्कळ आहे. पाळी गेल्यावर हाडे झपाट्याने ठिसूळ होतात आणि या वयात दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीतून त्यातले सुमारे ३५० मिळते. जोडीला तीळ, शेवग्याचा पाला, ताक, आणि चालत असेल तर काट्यांसकट खाल्ली जाणारी मांदेली. आमसुलाच्या साराने झटके थांबत नाहीत, पण जिवाला थंडावा वाटतो. मात्र रक्तदाब असणारीने आगळाचे मीठ लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट श्रमाची. कोयनेचे पाणी पोफळीला वीज देऊन कोळकेवाडीच्या धरणात येते आणि पुढे पुन्हा वीज देते. त्या विजेच्या शेजारी आपण अलोरेकर राहतो. विजेने जाते, उखळ आणि रहाट यांना सुट्टी दिली. बायकांचे कष्ट वाचले, हे उत्तमच झाले. पण हाडांवर भार पडला तरच ती बळकट राहतात. म्हणून रोज अर्धा तास चढउताराच्या वाटेने झपझप चालावे. वजन आटोक्यात आले की पुष्कळींचे झटकेही कमी होतात. मनाला वळण लावण्याची एक शास्त्रीय समुपदेशनाची पद्धत आहे; तिचा झटक्यांवर व झोपेवर उपयोग होतो, हे प्रयोगांनी दिसले आहे.

एक गोष्ट मात्र सर्वांनी गाठीशी बांधावी. पाळी पुरी थांबून वर्ष झाले आणि पुन्हा रक्त दिसले, मग ते थेंबभर का असेना, तर काढा उकळीत बसू नये. "या वयात असे व्हायचेच" असे म्हणणारी शेजारीण मायेने बोलते, पण तिचे ऐकू नये. बहुतेक वेळा कारण साधे निघते; परंतु कधी कधी तो गर्भाशयाचा कर्करोग असतो आणि लवकर कळला तर बरा होतो. चिपळूण काही दूर नाही. लाजेपायी घालवलेले सहा महिने परत मिळत नाहीत.

पूर्वीच्या बायकांना पाणवठा होता, जात्यावरची ओवी होती. तेथे मन हलके होई. तो पाणवठा आता राहिला नाही. ती जागा मंडळाने घ्यावी. हळदीकुंकवाला आलेली एखादी भगिनी गप्प गप्प दिसली, तर वाणाबरोबर तिला एवढेच विचारावे, "अहो, रात्री झोप लागते ना?" पुढचे ती आपणहून सांगेल. आणि दवाखान्यात एकटीने जायला तिचे पाऊल उचलत नसेल, तर आपल्यापैकी एकीने तिच्यासोबत जावे.