लूपचा दोरा

आज आपण जिला सर्रास 'तांबी' म्हणतो, तिच्या आधी 'लूप' होता. घरातल्या एखाद्या आजीला विचारून पाहा. ती आधी इकडेतिकडे पाहील आणि मग हलक्या आवाजात सांगेल. दिवाळीच्या फराळाशेजारी हा विषय कशाला, असे कुणी म्हणेलही. पण र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले ते १९२१ साली. तेव्हा मराठी घराला तो अगदीच परका नाही.

बर्लिनचे डॉक्टर ग्रेफेनबर्ग यांनी १९२०च्या दशकात गर्भाशयात ठेवायचे चांदीच्या तारेचे कडे केले. त्याला दोरा मुद्दामच लावला नव्हता. दोऱ्यावरून रोगजंतू आत चढतील, ही धास्ती. पण मग कडे जागेवर आहे की नाही, हे बाईला कळावे कसे?

अमेरिकेतल्या बफेलोच्या डॉक्टर जॅक लिप्पेस यांनी १९६२ साली नागमोडी प्लास्टिकचा लूप पुढे आणला, त्याला एकपदरी दोरा होता. तो बोटाला लागला, की लूप बहुधा जागेवर! हरवला तर क्ष-किरणांत दिसावा म्हणून प्लास्टिकात बेरियमही कालवलेले. (पुढे १९७१ साली अमेरिकेत विकायला आलेल्या 'डाल्कन शील्ड'चा दोरा अनेकपदरी होता, आणि ग्रेफेनबर्गांची धास्ती तिथे खरी ठरली.)

आपल्याकडे लूप १९६५ साली सरकारी कार्यक्रमात आला. कानपूरला कारखाना निघाला, पहिल्या दोन वर्षांत लाखो स्त्रियांनी तो बसवून घेतला, आणि मग आकडे घसरले. लूप सरकून काळजाला चिकटतो, अशी अफवा होती. तिला हसणे सोपे आहे. पण शिबिरात लूप बसला, वहीत नोंद झाली, बाई गावी परतली. पुढे रक्तस्राव झाला किंवा दोरा लागेनासा झाला तर तिने जायचे कुणाकडे? दोरा होता, दुसरी भेट नव्हती. माझ्या मते लूप हरला तो इथे.

वास्तविक दोरा न लागण्याची कारणे मोजकीच: तो वर ओढला गेला असेल, लूप नकळत पडून गेला असेल, किंवा क्वचित गर्भाशयाची भिंत भेदून पोटात उतरला असेल. काळजापर्यंत त्याची मजल नाही. आज डॉक्टर आधी दिवस राहिलेत का ते पाहतात, मग सोनोग्राफी करतात. गर्भाशयात काही दिसले नाही तर पोटाचा एक्स-रे. पोटात सापडले, तर बहुधा दुर्बिणीने काढतात. उलगडा होईपर्यंत दुसरे साधन वापरायचे.

आता लूप गेला. तांबीच्या दोऱ्याची मात्र दोन टोके बाहेर असतात.